मुंगेरचा कट्टा
बिहारमधील गंगाकाठच्या मुंगेर शहरात नवाब मीर कासिमने 1760 च्या दशकात राजधानी हलवून शस्त्रांचा कारखाना उभारला, आणि तेथील कारागिरांच्या हाती आलेले बंदूक घडविण्याचे कसब पिढ्यानपिढ्या टिकले. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याविना बंदूक बनविणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. मात्र परवानाधारक कारखान्यांचे काम घटत गेले, तेव्हा कानशीवर हात बसलेल्या कामगारांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्यातूनच कट्टा, म्हणजे एका वेळी एकच गोळी झाडणारे गावठी पिस्तूल, चोरट्या बाजारात फोफावले. ते चालविणाऱ्याच्याच हातात फुटू शकते, तरी स्वस्त असल्यामुळे गुंडांना परवडते. भारतात बंदुकीने होणाऱ्या बहुसंख्य खुनांत शस्त्र विनापरवानाच असते. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान 7 वर्षे ते जन्मठेप अशी वाढविली, आणि ती वाढायलाच हवी होती. परंतु रोजंदारीवर नळी घासणारा माणूस गजाआड गेल्यावर त्याच्या घरची चूल कशी पेटावी, याचे उत्तर कायद्यात नाही, आणि दलाल मात्र दुसरा गरजू हात शोधून मोकळा होतो.