खिशातला महागडा कॅमेरा किती वर्षं टिकतो?

आजचा विषय हैदराबादच्या एका ताईंमुळे निघाला. त्या पोचमपल्लीच्या बाजूला हातमागावर काम करणाऱ्या विणकरांचे फोटो काढतात. मोठा कॅमेरा काढला की माणसं अवघडतात, चालते हात थांबतात. म्हणून त्यांना खिशात मावणारा, पण चांगल्या प्रतीचा कॅमेरा हवा होता. त्यासाठी पाऊण लाख रुपये साठवले होते. त्यांनी मला विचारलं, "दादा, फोटो चांगले येतात हे मला ठाऊक आहे. रोज वापरला तर सहा वर्षं टिकेल का, तेवढं सांगा."

याचं उत्तर दुकानदार देत नाही. कॅमेऱ्याचं परीक्षण करणाऱ्यांकडे तो पंधरा दिवस असतो, त्यामुळे तेही देऊ शकत नाहीत. मी असाच एक कॅमेरा सात वर्षं वापरलाय. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण जे माझ्या कॅमेऱ्याचं झालं ते या जातीच्या कुठल्याही कॅमेऱ्याचं होऊ शकतं.

मी राहतो इंदूरला, पण आषाढात चार-पाच दिवस माउलींच्या पालखीबरोबर चालायला जातो. पाठीवर पिशवी, शर्टाच्या खिशात कॅमेरा. पहिली दोन वर्षं दिवे घाटातल्या पावसाची भीती होती, पण तो कॅमेरा पावसातून निभावून गेला. तिसऱ्या वर्षी पुरंदावड्याच्या गोल रिंगणाला उभा होतो. घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ती माती हवेत उडत असताना मी कॅमेरा सारखा चालू-बंद करत होतो. घरी येऊन फोटो पाहतो तर प्रत्येक आभाळात, उजवीकडे वर, एक करडा ठिपका. कपाळाला लावायची माती माझ्या सेन्सरवर जाऊन बसली होती.

आता ती आत गेली कशी? लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. फुगला की हवा आत ओढतो, दाबला की बाहेर टाकतो. रिकोच्या जीआर मालिकेतले किंवा सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतले कॅमेरे बंद असताना चपटे दिसतात आणि चालू केले की त्यांची लेन्स नळीसारखी बाहेर येते. त्या नळीच्या आत पोकळी तयार होते आणि ती भरायला बाहेरची हवा फटींमधून आत येते. साधा हिशेब करा. नळी ४ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर बाहेर येणारी धरली, तर एका वेळेला साधारण २५ घन सेंटिमीटर हवा आत जाते. दिवसात शंभर वेळा चालू-बंद केलं तर अडीच लिटर. ही हवा रिंगणातली असेल, सिमेंटच्या बांधकामावरची असेल किंवा मागावरच्या कापसाच्या तंतूंची असेल. हवा परत बाहेर पडते, पण तिच्याबरोबर आलेलं सगळंच बाहेर पडत नाही.

म्हणजे ज्या गुणासाठी आपण हा कॅमेरा घेतो, खिशात मावणं, तोच त्याचा सगळ्यात नाजूक भाग आहे.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यातही धूळ जाते. उलट तिथे जास्तच जाते म्हणा. पण तिथे लेन्स काढायची, रबरी फुग्याने हवा मारायची, नाहीच गेलं तर सेन्सर पुसायची खास पट्टी वापरायची. दहा मिनिटांचं काम. इथे लेन्स कायमची बसवलेली. सेन्सरपर्यंत पोचायला पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो, आणि लेन्स-सेन्सर परत बसवताना दोन्ही अगदी समांतर आले नाहीत तर फोटोची एक बाजू कायम धूसर येते. त्यामुळे पुष्कळदा सेवा केंद्रात साफसफाई न करता लेन्सचा अख्खा भागच बदलतात. मला जो आकडा सांगितला तो कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा होता. एका ठिपक्यासाठी! मी नको म्हटलं आणि परत आलो.

मग लोक सांगतात तो उपाय केला. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी लेन्सभोवती धरायची आणि कॅमेरा चालू-बंद करायचा. ठिपका गेला नाही, फक्त उजवीकडून मधोमध आला. हा उपाय करू नका, एवढंच सांगतो. जीआर ३ सारख्या काही कॅमेऱ्यांत सेन्सर थरथरवून धूळ झटकायची सोय असते, आणि कोरड्या धुळीवर ती बरं काम करते. दमट हवेत चिकटलेल्या कणाला मात्र ती हलवू शकत नाही.

ठिपका कधी दिसतो हेही समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. सेन्सरवरच्या कणाची सावली छिद्र मोठं असताना, एफ २.८ला, पसरट होऊन विरून जाते. एफ ११ किंवा एफ १६ला ती गडद आणि रेखीव होते. म्हणून घरातले, संध्याकाळचे फोटो वर्षभर स्वच्छ येतात आणि भर उन्हातलं आभाळ टिपलं की डाग उठून दिसतो. सेन्सर लहान असेल तर तोच कण मोठा दिसतो. एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद असतो, एपीएस-सी साडेतेवीसच्या आसपास. एकाच आकाराचा कण पहिल्यावर रुंदीत जवळजवळ पावणेदोनपट जागा खातो.

शटरबद्दल मात्र निर्धास्त राहा. जुना कॅमेरा घेताना लोक पहिलं विचारतात, "किती क्लिक झालेत?" मोठ्या डीएसएलआरला तो प्रश्न बरोबर आहे. तिथे आरसा आपटतो, पडदा धावतो, आणि कंपन्या दीड-दोन लाखांची हमी आकड्यात देतात. या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा लेन्समध्येच पाकळ्यांचं शटर असतं, हलकं आणि जवळजवळ निःशब्द. माझ्या कॅमेऱ्यात साठ हजारांवर फोटो झाले, शटरने कधी कुरकुर केली नाही. थकले ते दुसरेच भाग. लेन्स आत-बाहेर करताना एक पातळ, पट्टीसारखी वायर दर वेळी वाकते, आणि हजारो वेळा वाकली की तिला चीर जाते. कॅमेरा खिशात चुकून चालू झाला की लेन्स कापडावर ढकलत राहते आणि बारीक दाते झिजतात. मग एक दिवस पडद्यावर लेन्सची चूक दाखवणारा संदेश येतो आणि नळी अर्धवट अडकते. माझी पाचव्या वर्षी अडकली. ती दुरुस्ती मात्र करावीच लागली, आणि त्या वेळी ठिपकाही गेला. हिशेबात तो फुकटात गेला असं मी धरतो, बायको धरत नाही.

शर्टाचा खिसा हीसुद्धा वाईट जागा आहे. खिशाच्या तळाशी कापसाचा भुगा साठलेला असतो. खिसा उलटा करून पाहा. मी आता कॅमेरा चेनच्या छोट्या पिशवीत ठेवतो आणि महिन्यातून एकदा पिशवी उलटी करून झटकतो.

ओलाव्याबद्दल थोडक्यात. कोकणात, गोव्यात, केरळ-बंगालमध्ये राहणाऱ्यांना धुळीपेक्षा बुरशीची चिंता जास्त असायला हवी. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६०-७० टक्क्यांवर राहिली की काचेवर बुरशी धरते, आणि तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं. घट्ट झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. काटा ४५ टक्क्यांच्या आसपास असू द्या. भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका. तांदूळ पाणी फारसं ओढत नाही, उलट त्याचं पीठ आत जातं. एसी खोलीतून किंवा गाडीतून एकदम दमट हवेत आलात तर कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या, नाहीतर आतल्या काचेवर दव धरतं. बॅटरी फुगली असेल तर वापरणं त्याच दिवशी थांबवा.

या आकारात धूळ-पाण्याला खरंच तोंड देणारे कॅमेरे आहेत का? आहेत. २०२० साली आलेल्या फुजीफिल्मच्या एक्स १०० व्हीला हवामानापासून संरक्षण आहे, पण पुढे जोडकडं आणि फिल्टर लावला तरच. ते दोन्ही वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि पुष्कळ लोक घेत नाहीत. लायका क्यू २ला आयपी ५२ दर्जा आहे, पण त्या किमतीत आपल्याकडे दुचाकी येते आणि पैसे उरतात. ऑलिम्पसच्या टफ टीजी मालिकेत लेन्स बाहेर येतच नाही, म्हणून ते १५ मीटर पाण्याखालीही चालतात. मात्र सेन्सर मोबाइलएवढा लहान, त्यामुळे मागाच्या अंधाऱ्या खोलीत फोटो चरबरीत येतात.

ताईंना मी सांगितलं, खोलीत शिरायच्या आधी अंगणातच कॅमेरा चालू करा आणि बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. आपोआप बंद व्हायची वेळ मेनूत जाऊन वाढवा. त्याने बॅटरी लवकर संपेल, म्हणून सुरुवातीलाच दोन जास्तीच्या घ्या. त्यांनी वापरलेला कॅमेरा घ्यायचं ठरवलं. तेव्हा तपासणी अशी करायला सांगितली: एफ १६ला, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि तो मोठा करून चारी कोपरे पाहा. मग सलग दहा वेळा चालू-बंद करा, कान जवळ ठेवून. पहिल्यांदाचा आणि दहाव्यांदाचा आवाज सारखाच आला पाहिजे. पुढच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बुरशीचं जाळं आहे का पाहा. त्यांनी तीन कॅमेरे पाहिले. पहिल्या दोघांत आभाळात डाग निघाले. तिसऱ्याचा मालक म्हणाला, "अहो, मी तर कपाटाबाहेर काढलाच नाही." त्याच्या काचेवर बुरशी होती. चौथा त्या येत्या रविवारी पाहणार आहेत.