संगणकाला टोकन दिसेना? ‘इनिशियलाइज’ करण्यापूर्वी हे तपासा

भिलाई : निविदा भरण्याची मुदत संपण्यास तासभर उरलेला असतो आणि पडद्यावर ‘टोकन आढळले नाही’ अशी सूचना झळकते. पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या भिलाईत निविदांवर विसंबून असलेल्या लघुउद्योजकाला ही सूचना घाम फोडणारी ठरते. अशा वेळी दोष बहुधा टोकनमध्ये नसून संगणकाच्या मांडणीत असतो. मात्र घाईघाईने टोकनच ‘इनिशियलाइज’ केले, तर त्यातील किल्ल्या कायमच्या पुसल्या जातात.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता दिली. दुसऱ्या श्रेणीची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले असून आता तिसरी श्रेणीच चालते. पेन ड्राइव्हसारखे दिसणारे टोकन हे वस्तुतः स्मार्ट कार्डच आहे. बँकेच्या कार्डावर असते तशी चिप आणि ती वाचणारे यंत्र एकाच आवरणात बसवलेले असते. स्वाक्षरीची खासगी किल्ली या चिपमधून बाहेर येत नाही. संगणक मजकुराचा गणिती सारांश आत पाठवतो आणि चिप त्यावर स्वाक्षरी करून तो परत देते.

या देवाणघेवाणीत अनेक दुवे असतात आणि तपासणी खालच्या दुव्यापासून करणे श्रेयस्कर. टोकन हबमध्ये न लावता संगणकाच्या मूळ पोर्टमध्ये लावून ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये स्मार्ट कार्ड रीडर दिसतो का, हे प्रथम पाहावे. तेथे तो दिसत नसेल, तर ब्राउझर बदलून काही साधत नाही. रीडर दिसत असेल, पण टोकनसोबतच्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र सापडत नसेल, तर विंडोजची ‘स्मार्ट कार्ड’ सेवा सुरू आहे का आणि ड्रायव्हर त्याच कंपनीच्या टोकनचा आहे का, हे तपासावे. बाहेरून सारखीच दिसणारी टोकन वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकतात.

सर्वाधिक गोंधळ पुढच्या टप्प्यावर होतो. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र दिसते, पण निविदेच्या संकेतस्थळाला ते मिळत नाही. विंडोजमध्ये कार्डावरील प्रमाणपत्र वापरकर्त्याच्या संग्रहात आणण्याचे काम ‘सर्टिफिकेट प्रोपगेशन’ ही स्वतंत्र सेवा करते. ती थांबलेली असू शकते. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या पद्धतीच्या प्लगइनचा आधार काढून घेतल्यापासून अनेक संकेतस्थळे संगणकावर बसवलेल्या छोट्या साहाय्यक प्रोग्रामद्वारे टोकनशी बोलतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा प्रोग्राम चालू झाला नसेल किंवा अँटिव्हायरसने तो अडवला असेल, तरी दोष टोकनच्या माथी मारला जातो.

एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरची तऱ्हा थोडी निराळी. व्हेराक्रिप्टला टोकनच्या पीकेसीएस-११ लायब्ररीचा मार्ग सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे द्यावा लागतो. प्रोग्राम ६४ बिटचा आणि लायब्ररी ३२ बिटची असल्यास जोडणी होत नाही. जीएनयूपीजीसारखा प्रोग्राम कार्ड केवळ स्वतःसाठी धरून ठेवतो. तो चालू असेपर्यंत दुसऱ्याला कार्ड रिकामे मिळत नाही. घरून रिमोट डेस्कटॉपने कार्यालयातील संगणक वापरणाऱ्यांना तेथे लावलेले टोकन सहसा दिसत नाही, कारण त्या सत्रात विंडोज समोरच्या, म्हणजे घरच्या संगणकाचा रीडर शोधते. टोकन घरी आणणे हाच त्यावरचा सोपा उपाय.

पिनच्या बाबतीत अंदाजबाजी महागात पडते. ठरावीक वेळा चुकीचा पिन दिल्यास टोकन कुलूपबंद होते. ते प्रशासकीय पिनने उघडता येते. मात्र तोही बंद पडला, तर बहुधा ‘इनिशियलाइज’ करण्यावाचून मार्ग उरत नाही. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र गमावल्यास पडताळणी करून नवे घेता येते. नुकसान वेळेचे आणि पैशांचे, फार तर एका निविदेचे. एन्क्रिप्शनच्या किल्लीचे तसे नाही. तिची प्रत अन्यत्र नसेल, तर तिच्यासाठी कूटबद्ध केलेला दस्तऐवज नव्या प्रमाणपत्राने उलगडत नाही. व्हेराक्रिप्ट टोकनमध्ये जी ‘की-फाइल’ ठेवते, तिची प्रत मात्र आधीच बाहेर काढून सुरक्षित ठेवता येते.

निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी हा भेद कळीचा आहे. पूर्वी लाखेची मोहोर लावलेला लिफाफा असे. आता बोली अधिकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध होते आणि त्यांच्याच टोकनने उघडते. म्हणूनच ही जबाबदारी एकाहून अधिक अधिकाऱ्यांवर सोपवली जाते. प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी त्याच्या किल्लीने जुना दस्तऐवज गणिती दृष्ट्या उघडू शकतो. त्यामुळे नवे प्रमाणपत्र हाती आले, तरी आधी कूटबद्ध झालेली शेवटची बोली उघडेपर्यंत जुन्या टोकनमधील काहीही पुसता कामा नये.