प्लास्टिकला बुरशी कां लागते?

नागपुराहून वर्ध्याकडे निघालें कीं बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. तेथें पॉलिएस्टरचा धागा तयार होतो. हा धागा सूक्ष्मजीवांस सहसा पचत नाहीं. त्याच्या मोज्यांना वास येतो तो घामावर पोसलेल्या जिवाणूंमुळें. स्नानगृहांतील पडद्याची गोष्ट निराळी. तो बहुधा पीव्हीसीचा असतो, आणि त्याला मऊ ठेवणारीं तैलरूप द्रव्यें बुरशी खाऊन टाकते. मग पडद्यावर काळे डाग पडतात व पुढें तो ताठरतो.

एक उपाय असा: वस्तु घडवितांनाच तींत प्रतिबंधक द्रव्य मिसळावें. मऊ पीव्हीसींत झिंक पायरिथायोन चालतें. पॉलिएस्टरचा रस मात्र २६० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापवावा लागतो. त्या उष्णतेंत बहुतेक सेंद्रिय औषधें टिकत नाहींत. तेथें रुप्याचीं संयुगें उपयोगी पडतात. ओलावा लागतांच त्यांतून रुप्याचे विद्युत्भारित कण हळूहळू सुटतात आणि जिवाणूंचीं प्रथिनें निकामी करतात. आय.एस.ओ. २२१९६ या कसोटींत अशा पृष्ठभागावर जिवाणु ३५ अंशांवर २४ तास ठेवून, उरले किती तें मोजतात.

परंतु हें रक्षण मुख्यतः वस्तूचें, आपलें नव्हे! वर मळाचा थर बसला कीं खालचें रुपें व्यर्थ. २०१६ सालीं अमेरिकेनें हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसान वगळविलें. साध्या साबणाहून तें सरस असल्याचें उत्पादकांना दाखवितां आलें नव्हतें. तेव्हां 'जंतुरोधक' हा शिक्का पाहून मुलांची पाण्याची बाटली घासण्याचें सोडूं नका.