लखोट्यातलं दुखणं

एप्रिल १७८७ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या अजाक्सिओहून आजच्या स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरी एक पत्र निघालं. लिहिणारा तोफखान्यातला १७ वर्षांचा लेफ्टनंट होता. त्याच्या वडिलांचे काका, तिथले एक वरिष्ठ धर्मगुरू, गाउटने जायबंदी होऊन पडले होते. नातवाने त्यांच्या दुखण्याची हकीगत लिहिली आणि उपाय विचारला. पत्र ज्यांच्या नावे होतं त्या डॉ. सॅम्युएल ऑग्युस्त तिसो यांनी रोग्याला कधी पाहिलं नव्हतं आणि लेफ्टनंटलाही ते ओळखत नव्हते. विशेष काही नाही, उत्तर दिलेलं नाही, अशा अर्थाचा शेरा मारून त्यांनी ते बाजूला ठेवलं. पत्राखाली सही होती नेपोलियन बोनापार्टची.

अनोळखी डॉक्टरला असं पत्र लिहिणं त्या काळी मुळीच नवलाचं नव्हतं. युरोपच्या कानाकोपऱ्यातून तिसोंकडे आलेली अशी सुमारे १३०० पत्रं आणि टिपणं लोझानच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवली आहेत. एडिंबरोचे प्राध्यापक विल्यम कलन (१७१०–१७९०) यांचा पत्रव्यवहार तर याहून मोठा, हजारोंच्या घरातला. लंडनमध्ये हॅन्स स्लोन, लायडनमध्ये हर्मन बोरहावे, पादुआत मोर्गान्यी, सगळ्यांच्या टेबलावर रोज असे लखोटे येऊन पडत. पद्धत आणखी जुनी होती. तेराव्या शतकात बोलोन्याचे ताद्देओ आल्देरोत्ती लेखी सल्ले देत असत आणि शिष्य त्यांच्या नकला करून अभ्यासत.

न पाहता निदान कसं?

आपल्याकडच्या वैद्यकात रोग्याची परीक्षा तीन प्रकारची सांगितली आहे: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पत्रातून पहिल्या दोन्ही गेल्या, उरला फक्त प्रश्न. मग एवढ्याशा आधारावर नामांकित डॉक्टर औषध कसं देत?

याचं उत्तर त्या काळच्या तपासणीत आहे. रोगी समोर बसला असता तरी अठराव्या शतकातला डॉक्टर नाडी पाहणार, जीभ पाहणार, फार तर लघवीचा रंग पाहणार. पोट दाबून पाहणं, छाती ऐकणं हे त्याच्या कामात जवळजवळ नव्हतंच. दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, झोप कशी आहे, शौचाला होतं का, मनाला काही लागलं आहे का, या प्रश्नांच्या उत्तरांवर निदानाची सगळी मदार असे. ती उत्तरं कागदावर उतरू शकत होती. नाडी आणि जीभ कशी आहे हे गावातला सर्जन किंवा औषधविक्या पाहून कळवी. पुष्कळदा सगळं पत्रच तो लिही.

अर्थात हकीगत नीट सांगता आली पाहिजे. तिसोंनी १७६१ साली सर्वसामान्यांसाठी आरोग्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. खेड्यातले धर्मगुरू, शाळामास्तर, जमीनदार यांनी ते वाचून गोरगरिबांना मदत करावी, हा त्यामागचा हेतू. युरोपातल्या अनेक भाषांत ते गेलं. त्यात त्यांनी डॉक्टरला लिहिताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत याची यादीच दिली. वय किती? आधी प्रकृती कशी होती? दिनक्रम काय? ताप आहे का? नाडी कशी लागते? दुखतं ते नेमकं कुठे? आतापर्यंत कोणती औषधं झाली? बाईमाणूस असेल तर पाळी आणि गरोदरपण, मूल असेल तर दात, जंत आणि देवी. आज कुठल्याही दवाखान्यात केसपेपरवर भरून घेतात ती माहिती यापेक्षा फार वेगळी नसते.

कलन यांचं टपाल

कलन यांच्या उत्तरात औषधाइतकीच जागा पथ्यपाण्याला असे. काय खावं, रात्री किती जेवावं, मद्य कोणतं आणि किती, थंडीत अंगात काय घालावं, घोड्यावरून रपेट किती करावी, हे सगळं साध्या इंग्रजीत, रोग्याला कळेल असं. औषधाचा कागद मात्र लॅटिनमध्ये, कारण तो औषधविक्यासाठी असे.

दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची नक्कल ठेवायची हा कलन यांचा शिरस्ता होता. रोग्याने सहा महिन्यांनी पुन्हा लिहिलं, तर आधी काय सांगितलं होतं ते हाताशी असायला हवं. सुरुवातीला लेखनिक बसून नकला उतरवी. १७८० साली जेम्स वॅटने, वाफेच्या इंजिनामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच वॅटने, नक्कल काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी ते कलन यांच्याकडे दाखल झालं. खास शाईने पत्र लिहायचं, त्यावर ओलसर, अतिशय पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई त्या कागदावर उमटे ती उलटी. पण कागद इतका झिरझिरीत की मागच्या बाजूने तीच अक्षरं सुलटी वाचता येत. या नकला आणि रोग्यांची मूळ पत्रं अशी दोन्ही अंगं टिकल्यामुळे एडिंबरोच्या फिजिशियन कॉलेजातल्या या संग्रहात एकेका दुखण्याची चाल वर्षानुवर्षं पाहता येते.

पत्र रोग्यानेच लिहावं असंही नव्हतं. मार्च १७८४ मध्ये लंडनला इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन दमा आणि जलोदराने बेजार होते, तेव्हा त्यांचा मित्र जेम्स बॉस्वेल याने कलन आणि एडिंबरोच्या आणखी डॉक्टरांना त्यांच्यासाठी लिहिलं. बायकांची पत्रं तर अनेकदा नवरा किंवा बाप लिही आणि मग तिचं दुखणं दुसऱ्याच्या शब्दांतून पोचे. खर्चही होता. १८४० साली एका पेनीचं टपाल सुरू होईपर्यंत ब्रिटनमध्ये हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावं लागे. त्यात डॉक्टरची फी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी कुणी मालक किंवा धर्मगुरू पुढे आला तरच हा दरवाजा उघडे.

तोंडाने न सांगता येणारं

पत्राला एक फायदा होता. समोर बसून जे सांगता येत नाही, ते कागदावर लिहिता येतं. तिसोंच्या पत्रांमध्ये हे फार ठळक दिसतं. १७६० साली त्यांनी हस्तमैथुनावर पुस्तक लिहिलं आणि त्याने शरीर खंगतं, बुद्धी जाते असं ठासून सांगितलं. पुस्तक युरोपभर वाचलं गेलं. मग तरुणांची पत्रं येऊ लागली: अशक्तपणा आहे, झोप नाही, हे त्याचंच फळ का? ज्या डॉक्टरने भीती घातली त्याच्याचकडे सुटका मागायला माणसं येत होती. चुकीचं ज्ञान अधिकाराने सांगितलं की ते किती घरांत शिरतं, हे या पत्रांत स्पष्ट दिसतं.

ही भीती पुढे दीडशेहून अधिक वर्षं टिकली, आपल्यापर्यंतही पोचली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात मुंबईहून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांचे असेच प्रश्न येत. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. पण ही भीती निराधार आहे, असं त्यांनी छापील उत्तरांतून निःसंदिग्धपणे सांगितलं. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. निकाल विरुद्ध गेला. तरीही कुणाचं नाव न उघडता, न लाजवता उत्तर देणारा एक पत्ता मराठी वाचकाला मिळाला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कान छातीकडे वळला

१८१६ मध्ये पॅरिसला रने लेनेकने कागदाची सुरळी करून एका रोगिणीच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. पुढे थर्मामीटर दवाखान्या-दवाखान्यांत गेला, १८९५ ला क्ष-किरण सापडले. शरीराची साक्ष थेट मिळू लागल्यावर दुरून दिलेला सल्ला तोकडा ठरला. तो एका दिवसात संपला मात्र नाही. कलन यांच्या ग्रंथाचं १७९० साली जर्मन भाषांतर करताना ज्यांना होमिओपॅथीची कल्पना सुचली, ते हानेमान पुढे क्योटन गावी राहून दूरदूरच्या रोग्यांना टपालानेच औषधं सांगत होते.

या बदलाने असंख्य जीव वाचले. टपालातून गळू दिसत नाही, फुप्फुसात भरलेलं पाणी ऐकू येत नाही, आणि त्या काळच्या रक्त काढण्याने किंवा पाऱ्याच्या औषधांनी पुष्कळांचं नुकसानच झालं. त्या दिवसांकडे परत जावं असं कुणी म्हणणार नाही. पण तेव्हा रोग्याला आपलं दुखणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी मध्ये न तोडता सांगायला मिळत होतं. आणि डॉक्टर ते पुन्हा पुन्हा वाचू शकत होता.

२५ मार्च २०२० रोजी भारतात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर झाले. व्हिडिओ, फोन आणि लेखी निरोप, तिन्हींना त्यात जागा मिळाली. गडचिरोलीच्या खेड्यातून किंवा परदेशातल्या मुलाच्या घरून सल्ला घेणाऱ्या आजीपुढे आज पुन्हा तोच प्रश्न आहे: थोड्या वेळात, स्पर्शाशिवाय, आपलं दुखणं नेमकं कसं सांगायचं? तिसोंची यादी इथे उपयोगी पडेल. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आधी काय झालं होतं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे अर्ध्या पानावर लिहून ठेवावं. आणि ते अर्धं पान पूर्ण वाचूनच पुढच्या तपासण्या लिहून द्याव्यात, एवढी अपेक्षा डॉक्टरांकडून ठेवायचा हक्क प्रत्येक रोग्याला आहे.