माझी जमीन, शेजाऱ्याचें छत

लोखंड जळत नाहीं, सबब लोखंडी इमारतीस आगीचें भय नाहीं, हा भ्रम सन १८७१ च्या शिकागो येथील अग्निप्रलयानें पार घालविला. उघडें लोखंड तापून लवलें आणि त्याजबरोबर मजलेही कोसळले. तेव्हांपासून अमेरिकेंतील बांधकाम करणारांनीं लोखंडी तुळयांस प्रथम पोकळ भाजक्या मातीच्या विटांचें व पुढें काँक्रीटचें कवच घालण्याचा प्रघात पाडला.

न्यूयॉर्कच्या जुन्या उंच इमारतींतून या काँक्रीटांत खडीच्या जागीं जळक्या कोळशाचे खडे घालीत; त्यामुळें तें वजनास हलकें होई. मजल्याचा थर बहुधा चारच इंचांचा. परंतु त्याच्या पोटांत तारांची जाळी एका तुळईवरून दुसरीवर झोळीसारखी सोडलेली असते. भार पेलते ती ही झोळी. काँक्रीट केवळ तिचें पांघरूण होय.

मेख आहे ती येथेंच. नळ नेण्यासाठीं एकानें जाळी तोडली, कीं शेजारच्या गाळ्यांतील ताणही ढिला पडतो. वरून पाणी मुरलें, तर कोळशांतील गंधक तारा गंजवून टाकतो. "घर माझें, मी वाटेल तेथें भोंक पाडीन," ही सबब अशा ठिकाणीं कशी टिकावी? सामाईक भिंतीवर जसा एकट्याचा हक्क नाहीं, तसाच या झोळीवरही नाहीं. हातोडा उचलण्यापूर्वीं जाणत्या इंजिनिअरास विचारणें हा शेजारधर्म तर खराच, पण स्वतःच्या जिवाची राखणही त्यांतच आहे.