धान्याचे कोठार आणि बालकाचे वजन

देशातील कोठारे धान्याने भरलेली आहेत, एवढ्यावरून देशातील प्रत्येक घरी पुरेसे अन्न पोचते असे म्हणता येत नाही. राष्ट्राच्या अन्नसुरक्षेचे मोजमाप करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

मोजमापाचा आरंभ उपलब्धतेपासून होतो. वर्षाच्या एकूण धान्योत्पादनातून बियाणे, पशुखाद्य व नासाडी यांपोटी साडेबारा टक्के वजा केले जातात. त्यात आयात मिळवून व निर्यात वगळून, तसेच सरकारी साठ्यातील वाढ-घट हिशेबात घेऊन, उरलेल्या धान्यास लोकसंख्येने भागले जाते. शेतकऱ्याच्या कणगीतील आणि व्यापाऱ्याच्या वखारीतील साठ्याची वाढ-घट मात्र या हिशेबात येत नाही. १९५०-५१ साली भारतात सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकले. २०२२-२३ साली ते सुमारे ३३ कोटी टनांवर गेले. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता १९५१ साली सुमारे ६१ ग्रॅम होती, ती २००१ साली ३० ग्रॅमवर आली. पुढे ती काहीशी सावरली, परंतु केवळ गहू-तांदळाचे आकडे पाहणाऱ्यास ही घट दिसलीच नसती.

शिवाय सरासरी फसवी असते. धान्य बाजारात असले तरी मजुराच्या हाती पैसा नसल्यास ते त्याच्या चुलीपर्यंत येत नाही. म्हणूनच २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. घरातील आहाराची पाहणी करण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९७२ साली एक स्वतंत्र विभाग निर्माण झाला होता. गेल्या चोवीस तासांत कोणी काय व किती खाल्ले, याची त्याचे कर्मचारी घरोघर विचारणा करीत.

अखेरचा पुरावा शरीरच देते. वयाच्या मानाने उंची कमी असल्यास उपासमार किंवा आजारपण दीर्घकाळचे आहे असे समजावे. उंचीच्या मानाने वजन कमी असल्यास संकट बहुधा अलीकडचे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुजी, तर १९.३ टक्के कृश आढळली. १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. मागील पाहणीत हे प्रमाण ५३ टक्के होते. पोट भरूनही लोहादी घटकांची उणीव राहू शकते, ती अशी.

राष्ट्राचे हे आकडे प्रशिक्षित पथके निवडक घरी मोजून काढतात. पण कोणत्या गावातील कोणत्या बालकास मदत हवी, हे अंगणवाडीच्या नोंदीवरूनच कळते. दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून, त्यापुढील मुलाची उंची उभे करून घ्यावी. वजनकाटा आधी शून्यावर आहे ना, ते पाहावे. जन्मतारीख अंदाजाने न घालता जन्मनोंदीवरून घ्यावी. वय चार महिन्यांनी कमी लिहिले गेले तर खुजे मूल कागदावर सुदृढ ठरते, आणि त्याच्याकडे कोणी पुन्हा पाहत नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरल्यास त्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.