प्रतिभेला घरांत जागा आहे काय ?

चारचौघांत बोलतां बोलतां एखाद्या चित्रकाराचा, गायकाचा किंवा संशोधकाचा विषय निघाला म्हणजे आपल्यापैकीं पुष्कळांच्या तोंडून एक वाक्य हटकून बाहेर पडतें : "त्यांचें काय हो, त्यांना देवाची देणगीच आहे. आमच्यांत कुठली आली प्रतिभा !" हें वाक्य वरवर पाहतां विनयाचें वाटतें, परंतु नीट विचार केला तर त्यांत विनयापेक्षां सोयच अधिक आहे, असें दिसून येईल. देणगी मिळाली नाहीं म्हटलें कीं आपल्या प्रयत्नाची जबाबदारी सरली. आणि घरांतल्या एखाद्या मुलानें किंवा सुनेनें कांहीं निराळें करूं म्हटलें तर त्याला वाव देण्याची जबाबदारीहि सरली. या दुसऱ्या जबाबदारीविषयीं मला आज लिहावयाचें आहे, आणि त्याचें कारण आमच्याच घरांत घडलेलें आहे.

गोष्ट सुमारें तीस वर्षांपूर्वींच्या दिवाळीची. आमच्या एकत्र कुटुंबांत त्या वेळीं लहानमोठीं मिळून चौदा माणसें होतीं. माझ्या धाकट्या बंधूंच्या नऊ वर्षांच्या मुलानें अंगणांत किल्ला केला होता. दगडमातीवर ओलें पोतें अंथरून त्यानें त्यावर अळीव पेरले होते. परंतु तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. पायरीवर पाण्याचा डबा ठेवून, जुन्या रबरी नळीनें त्यानें किल्ल्यावर धबधबा आणि तळें करण्याचा घाट घातला. तळें फुटलें, गढूळ पाणी उंबऱ्यावरून माजघरांत शिरलें, आणि तेथें फडक्यावर निवत घातलेली चकलीची भाजणी भिजली. बायकांचे दोन दिवसांचे श्रम वायां गेले होते. मी घरांतला कर्ता. मीं सर्वांच्या देखत त्याला म्हटलें, "हे नसते उद्योग सांगितले होते कोणीं ? चार चित्रें नीट मांडलीं असतीस तर काय बिघडलें असतें ?" पुढच्या वर्षीं मीं स्वतःच बाजारांतून तयार किल्ला आणून दिला. त्यानें त्यावर मावळे ओळीनें मांडले आणि तो निघून गेला. घर स्वच्छ राहिलें, म्हणून मीं त्याचें कौतुकहि केलें.

तो पुतण्या आज चांगल्या हुद्द्यावर आहे. दोन वर्षांपूर्वीं त्याच्या मुलानें किल्ल्याचा हट्ट धरला तेव्हां तो मला सहज म्हणाला, "काका, मला त्यांतलें कांहीं सुचत नाहीं. विकतचाच आणूं या." त्याच्या मनांत माझ्याविषयीं किंतु नव्हता, तो प्रसंग त्याला आठवतहि नसावा. मला मात्र तो त्या दिवसापासून विसरतां आलेला नाहीं.

प्रतिभा म्हणजे केवळ देणगी, ही समजूत आपल्या जुन्या शास्त्रकारांचीहि नव्हती. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्यनिर्मितीसाठीं तीन गोष्टी सांगितल्या आहेत : जन्मजात शक्ति, लोकव्यवहार व ग्रंथ यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखालीं केलेला अभ्यास. विशेष हें कीं, या तिहींना त्यानें तीन निरनिराळीं कारणें म्हटलें नाहीं. तिन्ही मिळून एकच कारण, असें त्यानें आवर्जून स्पष्ट केलें आहे. म्हणजे शक्ति असूनहि अभ्यास नसेल तर कार्य होणार नाहीं. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त आणखी एक मार्मिक भेद केला आहे. नवें निर्माण करणारी ती कारयित्री प्रतिभा, आणि दुसऱ्याच्या निर्मितीचें मर्म जाणणारी ती भावयित्री. पहिली कोणाच्या ठिकाणीं किती असेल हें सांगतां येत नाहीं. परंतु दुसरी प्रत्येक वडील माणसानें अंगीं बाणविण्यासारखी आहे. मला त्या दिवाळींत तिचीच उणीव होती.

पाश्चात्यांनीं या विषयाचा विचार निराळ्या वाटेनें केला आहे. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंतानें १९२६ सालीं 'दि आर्ट ऑफ थॉट' या ग्रंथांत नव्या कल्पनेच्या जन्माच्या चार पायऱ्या सांगितल्या. प्रथम तयारी, नंतर तो विषय मनाच्या तळाशीं पडून राहण्याचा काळ, मग अकस्मात् होणारें स्फुरण, आणि शेवटीं त्याचा पडताळा. यांतील दुसरी पायरी आपल्या गृहिणींना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाहीं. लोणचें घातल्याबरोबर खाण्याजोगें होत नसतें; बरणींत तें मुरावें लागतें, आणि मुरत असतां बाहेरून कांहींच घडतांना दिसत नाहीं. लोकांना दिसतें तें तिसऱ्या पायरीवरचें स्फुरण, आणि तेवढ्यालाच ते प्रतिभा म्हणतात.

या चारी पायऱ्या आणि त्यांच्या जोडीला घराची साथ, हें सर्व एकत्र पहावयाचें असेल तर दादासाहेब फाळके यांचें उदाहरण घ्यावें. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वर येथें एका शास्त्रीबुवांच्या घरीं झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. छायाचित्रण, नाटकांचे पडदे, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, ठसे तयार करण्याचा व छपाईचा धंदा, असे अनेक उद्योग त्यांनीं केले. आपलें आडनांव उलटें करून 'प्रोफेसर केल्फा' या नांवानें ते जादूचे प्रयोगहि करीत. भागीदारांशीं न पटल्यामुळें छापखाना सुटला तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती. त्या वेळीं कोणी शेजाऱ्यानें 'यांचा एका धंद्यांत जीव रमत नाहीं' असा शेरा मारला असता तर तो खोटा म्हणतां आला नसता; परंतु ती तयारी होती. १९१०–११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर त्यांना राम-कृष्ण दिसूं लागले. चित्रकला, छायाचित्रण, रसायनें, रंगभूमि, जादू हें सारें ज्या एका कलेंत लागतें ती कला त्यांच्या पुढ्यांत उभी राहिली होती. स्फुरण एका संध्याकाळचें; त्यामागची तयारी मात्र पंचवीस वर्षांची.

पुढील भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. केवळ कल्पनेवर पैसा कोण लावणार ? १९१२ सालीं विलायतेला जाऊन त्यांनीं चित्रपटाची माहिती व कॅमेरा मिळविला. आणि भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठीं घरांतच एक लहानसा प्रयोग केला. त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर पाहणाऱ्यांना दाण्यांतून अंकुर फुटून पाहतां पाहतां त्याचा वेल झालेला दिसला. त्या चिमुकल्या चित्रानें भांडवलाची वाट मोकळी झाली, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' झळकला. वाटाणा आणि कुंडी कोणत्या घरांत नसते ? दुर्मिळ होती ती रोज त्याच ठिकाणीं उभें राहून पाहण्याची चिकाटी.

परंतु ती कुंडी महिनाभर न हलवतां राहूं देणारें घरहि तितकेंच दुर्मिळ होतें. सरस्वतीबाई फाळके यांनीं या उद्योगासाठीं आपले दागिने दिले. त्या वेळीं फिल्मच्या कडांना भोकें पाडलेलीं नसत. अंधाऱ्या खोलींत यंत्रावर तीं पाडण्याचें काम त्या शिकल्या. रसायनें मिसळणें, फिल्म धुणें हीं कामें त्यांनीं केलीं, आणि दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाकहि केला. मुलगा भालचंद्र यानें रोहिदासाची भूमिका केली. दादासाहेबांच्या उत्तरायुष्यांत हें वैभव टिकलें नाहीं. १९४४ सालीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें तेव्हां मूकपटांचा काळ मागें पडला होता. म्हणून प्रत्येकानें दागिने गहाण टाकावे असें मी मुळींच सुचवीत नाहीं. बहुतेक घरांकडे प्रतिभेची मागणी कुंडीपुरतीच असते, आणि तीहि आपण नाकारतों, एवढेंच मला म्हणावयाचें आहे.

ही मागणी नाकारली जाते ती विशेषेंकरून स्त्रियांची. पुरुष तासभर पेटी घेऊन बसला तर त्याला आपण व्यासंग म्हणतों. सून तासभर कागद घेऊन बसली तर तिला रिकामटेकडी ठरवतों. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत काम करतां करतां त्यांनीं रचलेलीं गाणीं घरांतल्या माणसांनीं ऐकून लिहून ठेवलीं. आणि १९५१ सालीं त्या निवर्तल्यानंतर, १९५२ सालीं, त्यांचे पुत्र कवि सोपानदेव यांच्या पुढाकारानें तीं प्रसिद्ध झालीं. लिहून ठेवणारें कोणी नसतें तर तीं जात्याच्या घरघरींतच विरून गेलीं असतीं. त्या टिपून घेणाऱ्या हाताला राजशेखरानें भावयित्री प्रतिभाच म्हटलें असतें.

मग रोजच्या संसारांत करावें काय ? माझ्या मतें घरांत एखादा कोपरा असा असावा कीं, तेथील अर्धवट पसारा संध्याकाळीं कोणीं उचलूं नये. घरांतील प्रत्येकाला, आणि सुनांना प्रथम, दिवसांतून थोडा तरी अखंड वेळ मिळावा. कामांच्या फटींतून गोळा केलेल्या पांच-पांच मिनिटांत मन मुरत नाहीं. मोठ्या साहित्यावांचून अडून बसूं नये. जुन्या लुगड्यांच्या गोधडींत रंगांची संगति साधणाऱ्या आपल्या आज्यांनीं नवें कापड कधीं मागितलें नाहीं. घरांत होतें त्यांतूनच त्यांना सुचलें. नित्याच्या कामांत एखादी गोष्ट बदलून पहावी, आणि फसली तर कां फसली हें टिपून ठेवावें. कोणाचीहि अर्धी झालेली वस्तु पाहून 'याचा उपयोग काय ?' असें विचारूं नये. तो प्रश्न पुरी झाल्यावर विचारावा. मात्र जें आरंभिलें तें पुरें करून पडताळून पाहण्याचा आग्रह मोठ्यांनीं प्रेमानें अवश्य धरावा. नाहीं तर कल्पकतेच्या नांवावर नुसती चंचलता वाढेल.

गेल्या दिवाळींत मीं स्वतः पोतें आणलें आणि नातवाबरोबर अंगणांत चिखल कालवावयास बसलों. वसुबारसेच्या आधींच अळीव पेरले होते. नातवाला तळें हवें होतें. पहिलें गळलें, दुसरेंहि गळलें. पुतण्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होता. तिसऱ्यांदां पाणी वाहून जाऊं लागलें तेव्हां त्यानें वर्तमानपत्र बाजूला ठेवलें, खालीं येऊन नळी हातांत घेतली आणि म्हणाला, "थांब, उतार चुकला आहे. तळाशीं चिकणमाती लावूं या." पुढें तासभर ते दोघे तेथून उठले नाहींत.

पाणी या खेपेसहि उंबऱ्यापर्यंत आलें. आमच्या सूनबाईंनीं भाजणी आधींच माळ्यावर नेऊन ठेवली होती. एवढी साधी युक्ति तीस वर्षांपूर्वीं मला सुचावयास हवी होती. वाचकहो, आपल्या घरांतहि या क्षणीं कोणीतरी कांहींतरी सांडीत असेल. रागावण्यापूर्वीं तें काय करूं पाहत होतें, एवढें त्याला विचारून पहा.